नाक लावायचं नाही

खिडकी दीड वीत रुंद.
पोर्तोत आमच्या असल्या वस्तीला बेट म्हणतात:
एक बोळ, दोन्हीकडे खोल्या, टोकाला नळ,
आणि ऊन अकरा ते पाऊण,
तेही गुमेर्सिंदाने चादरी वाळत घातल्या नसतील तर.
एवढ्यात सार्डिनचे चार डबे मावतात.
तळाला खिळ्याने भोकं, प्रत्येकी सहा.

वरच्या खोलीतली झांदिरा, बेकरीत रात्रपाळीला असते,
मार्चमध्ये विचारत आली, मांजेरिकोची पानं विकत द्याल का.
म्हटलं, पानं नाहीत. बी आहे.
आजीने डोंगरातून रुमालाच्या गाठीत आणलेलं.
बाजारातलं झाड गोल गरगरीत,
न्हाव्याकडून उठून आल्यासारखं,
सण सरला की मान टाकतं.
हे वाकडं वाढतं. आमच्या घराण्यासारखं.

बी पुरायचं नाही, नुसतं ठेवायचं.
वर माती चिमूटभर, मीठ भुरभुरतो तशी.
पाणी चमच्याने.
भिजलं की ते निळसर बुळबुळीत झगा घालतं,
बेडकाच्या अंड्यासारखं. घाबरायचं नाही.
डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेव, तिथे ऊब असते.
आणि हिरवं दिसलं तर मला हाक मारू नकोस,
मी झोपलेला असतो.

सहाव्या दिवशी पहाटे पाचला तिने हाक मारली.
गेलो. चपला उलटसुलट.

दाटी झाल्यावर उपटायची वेळ आली, तर तिच्याने होईना.
म्हणाली, मिंदेलुला एवढ्याच खोलीत
आम्ही सात भावंडं वाढलो.
मग मीच उपटली.
दुसऱ्या दिवशी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर
अंड्याचं एकेक कवच, आणि त्यात एकेक रोप.

जूनमध्ये तिला शेवटचा नियम सांगितला:
नाक लावायचं नाही.
तळवा फिरवायचा, मग तळवा हुंगायचा.
श्वास लागला की झाड मरतं.
आई सांगायची, तिची आई सांगायची.
तिने नीट ऐकून घेतलं
आणि अख्खा चेहरा झाडात खुपसला,
भुवयांवर अजून पीठ.

तीन दिवस मी बोललो नाही.
झाडाला माझं सोयरसुतक नव्हतं, ते वाढतच राहिलं.
ऑगस्टात तुरे आले. ती खुडायला निघाली,
म्हटलं, एक राहू दे. म्हातारं होऊ दे.
पानं कडू होतील, होऊ देत.

काल रात्री बी चोळून घेतलं, फुंकून भुसा उडवला,
जुन्या औषधाच्या बाटलीत भरलं, वर साल लिहिलं.
मग बोळात कुणी नाही असं बघून
मी वाकलो.

ट्रामचे ब्रेक दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली.
एकाहत्तर वर्षं मी माझाच तळवा हुंगत आलो होतो.
हा वास वेगळा होता:
लवंग, थोडी लिंबाची साल.
ग्रीस नव्हतं त्यात, तंबाखू नव्हती,
मी नव्हतो.

समोर चादर हलली.
गुमेर्सिंदाने पाहिलं असणार.