खडूची दोरी

येळ्ळुरातून चालतच निघालो.
गडावर गाडी जाते आता, मी म्हटलं,
तर बाबा म्हणाले, गाडीला जाऊ दे.

भात कापून झालं होतं.
धसकटांतून चालताना बासमतीचा वास
अजून जमिनीलाच चिकटलेला.
बांधावर म्हशी वळवणारा पोरगा ओरडला,
"कुठं जाऊलाय?"
वर. सूर्य बुडताना बघायला.
"खालनं दिसत न्हाय काय त्यो?"
बाबांना हे इतकं पटलं
की पहिल्या चढावर ते दोनदा थांबून हसले.
दम लागला होता, हे त्या हसण्यात खपून गेलं.

चाळीस वर्षं त्यांनी बेळगावचे बोर्ड रंगवले.
खडेबाजार, गणपत गल्ली, शहापुरातली साड्यांची दुकानं,
एका दातांच्या डॉक्टरचा भलामोठा दात.
एका ओळीत मराठी, एका ओळीत कन्नड,
वर कोण, खाली कोण,
हे गिऱ्हाईक ठरवायचं, कधी मोर्चा ठरवायचा.
ज्या वर्षी बोर्डांना काळं फासलं गेलं
त्या वर्षी दिवाळीला घरी शिलाई मशीन आलं.
फासणाऱ्यांतल्या एकाला ब्रश धरायला
बाबांनीच शिकवलं होतं.
"डांबर सारखं लावलं होतं पण," एवढंच म्हणतात,
"कुठं ओघळ नाही."

गडाच्या दरवाजात वारा असा आला
की माझी ओढणी सिद्धेश्वराच्या दिशेने निघाली.
बुरुजावर कोण्या शिवलिंगव्वाचं अख्खं कुटुंब
पिशवीतून चिरमुरे वाटत होतं.
आम्हालाही दिले. बाबांनी कन्नडमध्ये विचारलं, कुठले?
त्यांनी मराठीत सांगितलं, नंदिहळ्ळी.

मग शहर.
मी दाखवू लागले : ती किल्ल्याची झाडी,
ती रेल्वे, ते सांबऱ्याकडे उतरणारं विमान,
हलग्याजवळची ती मोठी पांढरी इमारत.
बाबा काहीच बघत नव्हते. शोधत होते.
"कणबर्गीकरांचं घड्याळाचं दुकान कुठं येतं?"
इथून कसं दिसेल, बाबा.
"पिवळ्यावर निळं. लांबनं दिसावं म्हणूनच
पिवळ्यावर निळं केलं होतं."
मी सांगितलं नाही
की तिथे आता फ्लेक्स आहे,
आणि त्यावर घड्याळ नाही, मोबाईल आहे.
त्यांना माहीत असावं.
ते रोज त्याच रस्त्याने दूध आणतात.

सूर्य जांबोटीच्या डोंगरांवर टेकला.
सगळे मोबाईल एकदम पश्चिमेला वळले.
बाबा म्हणाले, "शेंदरी नाही हा.
गेरू, आणि नखभर पिवळा. लोक शेंदरी लावतात."
मग म्हणाले, "एक टोक धर."

मी सात वर्षांची असताना धरायचे तसं
मी काहीच नसलेलं एक टोक धरलं.
तेव्हा निळ्या खडूत बुडवलेली दोरी असायची,
ती ताणून ते मधोमध चिमटीत उचलत
आणि सोडत : टण्ण.
पत्र्यावर सरळ रेघ उमटायची
आणि माझ्या नाकावर निळी भुकटी.
त्या रेघेवर मग अक्षरं बसत.
"मराठी खांद्यातनं काढायचं," सांगायचे,
"कन्नड मनगटातनं."

आत्ता त्यांनी चिमूट उचलली.
हात थरथरत होता. डोंगर सरळ होते.
चिमूट सुटली.
शिवलिंगव्वाची नात आमच्याकडे बघत राहिली,
चिरमुरे तोंडात धरून.

अंधारात उतरताना त्यांनी माझा खांदा धरला.
टॉर्च लावू दिली नाही.
खाली शहर एकेक दिव्याने वाचता येऊ लागलं होतं,
म्हणजे मला वाटलं तसं,
ते पायाखालचे दगड मोजत होते.

येळ्ळुरात बस उभीच होती.
कपाळावर लाल दिव्यांची पट्टी,
तिच्यावरून बेळगावी हे नाव
उजवीकडून येई, डावीकडे पळून जाई.
बाबा समोर उभे राहिले,
पूर्ण शब्द एकदा, मग पुन्हा एकदा जाऊ दिला.
कंडक्टर शिट्टी फुंकत होता.
"ळ आणि गा मधली जागा चुकलीय," बाबा म्हणाले
आणि चढले.