मधे काहीही चालतं

रात्रपाळी संपवून इन्फर्मरीतून निघतो
तेव्हा हडर्सफील्डचा रस्ता घरापर्यंत उतार असतो,
लेकीला शाळेत सोडायचं म्हणजे पुन्हा चढ.
शाल्मली दप्तर माझ्या खांद्यावर टाकते
आणि फुटपाथला टेकलेल्या गाड्या वाचत चालते.

नियम डोरीन हेपवर्थचे,
पिवळा कोट घालून शाळेपुढे रहदारी अडवते ती.
पाटीवरची शेवटची तीन अक्षरं घ्यायची,
क्रम मोडायचा नाही,
मधे काहीही चालतं. पुढे, मागेही.
नाहीच सुचलं तर म्हणायचं, पास.

टी-डब्ल्यू-एन. टाउन, म्हणते लेक. ट्विन. बिटवीन.
एच-एस-के. हस्की,
आणि डोरीन रस्त्याच्या मध्यातून ओरडते, व्हिस्की!
दुधाची व्हॅन थांबवून धरत.

मला वेळ लागतो.
घुले गुरुजी एका वेलांटीसाठी छडी मारायचे.
काना गेला, म्हणायचे, म्हणजे कणा गेला.
इथे अख्खा शब्द बिनकान्याचा, रस्त्याकडेला उभा,
दवानं भिजलेला, वायपरखाली दंडाची चिठ्ठी,
आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरची मात्रा द्यायची.

बी-आर-डी.
ब्रेड, ती म्हणाली. बर्ड.
बॉर्डर, मी म्हणालो,
आणि चार पावलांनंतर, अब्रॉड.
"तुझे शब्द नेहमी लांबचे असतात, बाबा.
लांबच्याला जास्त गुण नाहीत हं."

एक अक्षर मात्र पाटीवर कधी येत नाही.
आय.
एकच्या आकड्यासारखं दिसतं, घोटाळा होतो,
म्हणून वगळलंय, डोरीन म्हणाली.
क्यूसुद्धा. क्यूचं मला काही नाही.
पण कराडच्या अलीकडे, आमच्यात, आईला आयच म्हणतात,
आणि या चढावर मी
हजार तरी पाट्या वाचल्या असतील.

आय आता बोलतेही तशीच.
मार्चात झटका आला. उजवं अंग गेलं, स्वर गळाले.
फोनच्या काचेत तिचा चेहरा, अर्धा जागा अर्धा झोपलेला,
मोबाईल धरणाऱ्या धाकट्याचा अंगठा,
मागे कधीमधी म्हशीचं शेपूट.
एकेक व्यंजन ती दाताखालून काढते
भाकरीतला खडा काढावा तसं.
क्…
ध्…
य्…
धाकटा म्हणतो, काही धड येईना, म्हणतेय.
वहिनी म्हणते, छे, कोपर धर, येते उठून.
मी म्हणतो, हो आय. हो.

काल शाल्मली माझ्या मांडीला मांडी लावून बसली,
टोस्टचा चुरा सोफ्यावर सांडत.
मराठी वाचता येत नाही तिला,
बाराखडी ग वर अडून आहे दोन वर्षं.
दोनदा ऐकलं तिनं.
क्रम मोडला नाही.
"सोपं आहे की!
कधी येणार?"

आयचा डावा डोळा हलला,
आधी नातीकडे वळला.
मग माझ्याकडे.

मला ते पहिल्याच दिवशी सुचलं होतं.
तिकिटाचा आकडा, उरलेली रजा,
व्हिसाच्या कचेरीत पडून राहिलेली माझी निळी वही,
असलं बरंच काही मधे घालून
मी ते झाकून ठेवलं होतं.

"बाबा, तुझी पाळी."

पास, मी म्हणालो.

पलीकडे आयनं मान हलवली.
तिनं बहुतेक पाशी ऐकलं असावं.
चालत्या हातानं पदर सारखा केला तिनं,
कुणी दारात आल्यावर करायची तसा.