शेपटीचं अक्षर

दोन्ही मशिनांच्या चिपवर नाव एकच. आकडाही एकच.
फरक फक्त शेपटीच्या अक्षरात,
आणि ते अक्षर कुणी वाचत नाही,
भाडेकराराच्या शेवटच्या कलमासारखं.

निनाद थोपटे, भोरजवळचा, सध्या नऱ्ह्यात कॉट बेसिसवर,
तापकीर गल्लीत माझ्या काउंटरला टेकून उभा.
"ताई, चिप सेमच ना?
मग डेस्कटॉप घेऊ की लॅपटॉप?"
खिशात बावन्न हजार. त्यातले आठ मामाचे.

म्हटलं, सांगत नाही. बघ.
त्याचीच फाइल लावली दोघांना.
एक पूल, नीरेवरचा, कॉलेजच्या प्रोजेक्टातला,
बांधलेला नाही, बांधला जाणारही नाही,
पण खांबांची सावली पाण्यात हलायला हवी होती त्याला.

पहिली दीड मिनिटं खांद्याला खांदा.
चार पॉइंट सहा. चार पॉइंट सहा.
"बघा, म्हटलं नव्हतं?"
मी दोन चहा सांगितले.

चहा येईस्तोवर लॅपटॉप सत्त्याण्णव अंशांवर.
पंखा असा किंचाळला
की समोरचा मोईन स्पीकर विकता विकता थांबला.
चार पॉइंट एक.
तीन पॉइंट चार.
दोन पॉइंट सात, आणि तिथेच बसकण.
त्याची चूक नाही रे. डोकं तेच आहे.
बोटभर जाडीत वारा मावून मावणार किती?
याच्या ताटात अठ्ठावीस वॅट,
शेजारच्याच्या ताटात सव्वाशे,
शिवाय डोक्यावर विटेएवढा अ‍ॅल्युमिनियमचा थंडावा.
तो आपला चार पॉइंट सहा, चार पॉइंट सहा,
न दमता. बघायला जरा कंटाळवाणाच.

"मग डेस्कटॉप. ठरलं."
विचारलं, खोली किती महिन्यांची?
"अकरा."
त्याआधीची?
"सात. मालकाचा मुलगा परत आला."

दोन हजार नऊ साली मी अख्खा टॉवर
स्वारगेट ते कात्रज मांडीवर घेऊन बसले होते.
मॉनिटर उशीच्या अभ्र्यात, मैत्रिणीच्या पायाशी.
कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट लागेल.
तेवढ्या प्रवासापुरता तो लॅपटॉपच होता.
पाच खोल्या केल्या आम्ही दोघांनी.
पाचवीच्या जिन्यात हातातून सुटला.
हे निनादला सांगितलं नाही.
गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट नव्हे.

तेवढ्यात लाइट गेली.
गुरुवार. माझ्या लक्षातच नाही.
आणि यूपीएस दुरुस्तीला उघडा पडलेला, माझ्याच टेबलावर.
डेस्कटॉप ब्याऐंशी टक्क्यांवर गप्प.
लॅपटॉप बॅटरीवर उतरला, आवाज खाली आणला,
एक पॉइंट नऊ,
आणि दुकानातल्या एवढ्याशा उजेडात
पुलाचा तिसरा खांब ओळ ओळ करत पाण्यात शिरायला लागला.

"म्हणजे ससा-कासव झालं, ताई!"
कसलं कासव.
बॅटरी चाळीस मिनिटं. फाइलला अजून सत्तर.
आज इथे कुणीच जिंकत नाहीये.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग पाठीवरच्या सॅकमधून
बिजागरीला चिकटपट्टी लावलेला स्वतःचा जुना लॅपटॉप काढला,
जरा लाजतच.
"हाच उघडून बघता?"

स्क्रू आठ होते, निघाले सहा.
आत नऱ्ह्याची धूळ, हायवेची, सिमेंटची,
पंख्यावर गोधडीसारखी बसलेली.
चिपवरची पेस्ट सुकून खडू झालेली.
किती वर्षं हा असा श्वास धरून चालत होता
आणि आपण त्याला मंद म्हणत होतो.

निनादने मोबाइलचा टॉर्च धरला.
मी कापसाने जुनं पुसून काढलं.
शेपटीचं अक्षर दिसलं तेव्हा तो वाकला, वाचलं,
ओठांतल्या ओठांत.

"पेस्ट किती लावायची असते?"
मुगाच्या दाण्याएवढी.
"फक्त?"
फक्त. टॉर्च हलवू नकोस.