विहीर राखणारी

दहा दिवस तोंड खाली.
आई ततामीवर पालथी, कपाळ उशीच्या भोकात,
नाकाखाली निवत चाललेला चहा, त्यात वाकडी नळी.
डाव्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय.
तो वर चढतो, म्हणून तिने खाली बघायचं,
म्हणजे सरकलेला पडदा मागच्या भिंतीला दाबून बसेल.

तोकामाचीच्या छपरांवर चौथ्या दिवसाचा बर्फ.
"चटईचे एकशे बारा धागे मोजले,"
ती उजव्या डोळ्याच्या वतीने सांगते,
"पुढचे तू मोज."

मी उताणी सरकते तिच्या चेहऱ्याखाली.
ती विचारते, प्रयोगशाळेत काय चाललंय.

इमोरी, मी म्हणते.
पोट शेंदरी, पाठ तव्याच्या बुडासारखी.
"म्हणजे आमच्या खाचरातल्या!
दोऱ्याला गांडूळ बांधून ओढायचे मी त्यांना,
मास्तर एकीमागे पाच येन द्यायचे."
पाल घर राखते, इमोरी विहीर,
त्यांच्या नावातच तसं आहे.
कुणापासून राखते, ते नाही.

तिला गुंगी देऊन आम्ही तिचा पडदा काढून घेतो.
हे मी आईला आजवर सांगितलं नव्हतं.
"पाच येन," ती म्हणाली, "फारच कमी झाले."

पडद्यामागे काळ्या पेशींची एक ओळ असते.
जन्मभर तेच काम,
सांडलेला उजेड पिऊन टाकायचा,
पुढच्यांचं उष्टं-खरकटं आवरायचं.
पुढचं घर रिकामं झालं, की इमोरीत
त्या एकमेकींचे हात सोडतात,
अंगावरचं काजळ उतरवतात,
आपण कोण होतो ते विसरतात,
पार नितळ होईपर्यंत विसरतात,
मग एकीच्या दोन, दोघींच्या चार,
आणि तळापासून नवा पडदा विणायला घेतात.
माझ्या वहीत एवढंच असतं.
दिवस दहा, रंग फिका.
दिवस अठरा, थर जाड.
दिवस त्रेचाळीस, उजेडाला प्रतिसाद.

"आणि माझ्यात?"

तुझ्यातही त्याच गं. तीच ओळ, तेच काजळ.
पहिल्या ऑपरेशननंतर त्याही जाग्या झाल्या,
त्यांनीही हात सोडले,
त्याही काहीतरी करायला निघाल्या,
पण वाटेत त्यांना आठवली ती फक्त खपली.
खपलीने पडद्याला चुणी पाडली आणि ओढून काढला.
पुढचा धडा कुठल्या पूर्वजाबरोबर वाहून गेला,
ताकेहारा सर बत्तीस वर्षं शोधताहेत.
त्यांचाही चष्मा दरसाल बदलतो.

बराच वेळ गप्प. रिकाम्या कपात नळीचा सूं सूं आवाज.
मग, "त्यांना आधी काय दिसतं?"
माहीत नाही.
आम्ही पट्ट्यापट्ट्यांचा पिंप फिरवतो,
मान वळली की खूण करतो.
"हातचं राखून बघत असतील," ती म्हणाली.
"मीही तेच केलं असतं."

अकराव्या दिवशी ती उठून बसली.
उजवा डोळा तळहाताने झाकला.
डाव्यात म्हणे पाण्याची पातळी दिसतेय,
खाली गढूळ काळं, वर मळकट उजेड,
मान हलली की सगळं लवंडतं,
लावणीआधीचं खाचर जसं.
ती रेघ आता रोज बोटभर उतरत जाईल, डॉक्टर म्हणाले होते.

वर काय आहे, त्या उजेडात?
"तूच की," ती म्हणाली,
आणि माझ्या शेजारच्या कपाटाच्या खांद्यावर
प्रेमाने हात ठेवला.