व्हाळापलीकडचा खांब

मडगावचं बिऱ्हाड एका टेंपोत मावलं.
कपाट आलं, गॅस आला, तुळस कुंडीसकट आली,
फक्त इंटरनेट आलं नाही.
कस्टमर केअरची मुलगी म्हणाली,
मॅडम, तुमचा नवा पत्ता फिजिबल नाही.
माझ्याबद्दल याआधीही असं म्हटलं गेलंय,
पण इतक्या गोड आवाजात नाही.

पहिल्या रात्री गादीवर पडून फोन उघडला
आणि शेजार भेटला, नावानिशी:
'सांतान बेकरी', एक काडी.
'मॉनिकाज होम', अर्धी.
'विचारूं नाका', कुलूपबंद.
म्हटलं, वाडा बरा दिसतोय.

केबलवाला मोलू वेळीप म्हणाला, फाल्यां येतां.
केपे तालुक्यात 'फाल्यां' हा वार आठवड्यात कुठेही बसतो.
मी तो नऊ दिवस शोधला.
तोवर पंचायतीच्या पायऱ्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन
ओहायोतल्या कुणा म्हाताऱ्याच्या फुफ्फुसांचा अहवाल
डॉक्टर सांगतील तसा टाइप करत राहिले,
मागे पोदेराचा भोंपू,
हवेत पिकल्या बोंडूंचा आंबूस वास.

दहाव्या दिवशी मोलू आला. खांद्यावर शिडी,
तारेचं भेंडोळं आबोलीच्या झेल्यासारखं जपून धरलेलं.
खिडकीशी जुनी तार लोंबत होती, तिचं टोक त्याने बघितलं.
"हीं माकडांनी खाल्ली."
मग बोट दाखवलं: खांब व्हाळापलीकडे,
मध्ये आर्सेनियाबायचं भाट,
तार न्यायची तर तिच्या माडांवरून.
"तूंच विचार. आमकां ती दांडो दाखयता."

ती बलकांवावर चिंच सोलत होती.
किती जाड? मी करंगळी दाखवली, मग लाजून त्याहून बारीक म्हटलं.
नारळ पडला तर?
तर माझी तार तुटेल.
आणि माझ्या पाडेल्याच्या पायांत आली तर?
याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.
बराच वेळ ती चिंचोके बाजूला काढत राहिली.
"काच आसता न्हय गो भितर? तातूंत उजवाड धांवता?
लिंडन सांगतालो."
लिंडन बोटीवर. गॅलीत, आठशे माणसांचे कांदे.
या भाटात मोबाइल लागतो तो विहिरीच्या कठड्यावर,
आणि तिचे गुडघे आता तिथवर चढत नाहीत.
एवढंच. मागितलं काहीच नाही.
मीठ लावलेला चिंचेचा गोळा माझ्या तळव्यावर ठेवला
आणि मोलूला ओरडून सांगितलं: खिळो मारूं नाका!

म्हणून काचेची तार, सुंभाची गाठ.
दोन माड, एक फणस, मग माझी खिडकी.
राउटरचे तीन दिवे हिरवे झाले, चौथा लालच;
मोलूने पाठीत धपाटा घातला, तोही हिरवा.
नाव काय ठेवू? महिनाभर मी काय काय योजलं होतं.
घाईत 'व्हाळ' एवढंच टाइप झालं.
"हॉलाच्या मधीं लाय," मोलू म्हणाला, नियम तसा आहे.
मी तो मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला,
जिथून तिचं मागचं दार दिसतं.
पासवर्ड तिने कॅलेंडरवर लिहून घेतला,
पाव आणि रॉकेलच्या हिशेबाखाली.
माझ्या टेबलाशी त्यामुळे दोन काड्या कमी,
मोठी फाइल जाताना धापा टाकते.

रात्रीचा दीड. ओहायोत दुपारचे चार.
मी कुणाच्या तरी डाव्या गुडघ्यापर्यंत पोचलेय
आणि पलीकडे अंधारात दारात खुर्ची ओढल्याचा आवाज.
"जेवलो रे पुता? किदें जेवलो?"
मग काही नाही. चित्र अडकलं असावं.
मी अपलोड थांबवते.
तरी काही नाही.
मग तीच, हळू:
"तुजें तोंड आडखळ्ळां, पूण बरें दिसता.
आसूं दी तशेंच."