गुडघ्यातला खिळा

रुमाल्दचा तांबडा होता. जिनोव्हाहून आलेला,
बोटीवरच्या बापाच्या पेटीतून, चीजच्या डब्याशेजारी झोपून.
मॅनेजर धुंगटांच्या उल्हासचा निळा, थेट कोबेचा,
खनिज भरायला आलेल्या कुणा कप्तानाने दिलेला.

दोघे एकाच साच्यातले.
बॉनेट दुमडलं की छाती,
दारं वळवली की हात,
डिकीतून पाय, आणि टपाखालून
शेवटी, जरा उशिरानेच, तोंड.

पण निळ्याची मूठ सुटली की
पडवी ओलांडून तुळशीपर्यंत जाई.
तांबड्याची नुसती गळून पडे,
आजाऱ्याच्या हातून पेला पडावा तशी.
तिकडे म्हणे कायदाच होता,
पोरांच्या डोळ्यांना लागू नये म्हणून
स्प्रिंग अशक्त घालायची.
हे कळलं त्या दिवशी रुमाल्द जेवला नाही.

माझा हिरवा.
म्हापशाचा, शुक्रवारचा,
केळ्यांच्या आणि सुक्या बांगड्यांच्या मधल्या ओळीतला,
आईने साडेबारा रुपयांवर आणलेला.
पेटी नाही. पोटाखाली,
जिथे त्या दोघांच्या देशाचं नाव उठलेलं होतं,
तिथे माझ्याला घासून काढलेला चौकोन.
कुणीतरी कुठेतरी त्यांच्यातल्याच एकावरून साचा काढला
आणि काढताना त्याचा हात हलला.
माझा पुरता उभाच राहत नसे,
माणूस होता होता गुडघ्यावर थांबायचा.
"मिसाक गेला रे तो," रुमाल्द म्हणे.
"पंक्चर काढतोय," उल्हास.

डिचोलीत आम्हाला एवढं पक्कं ठाऊक होतं :
डोंगर ट्रकात जातो, ट्रकातून बार्जीत,
बार्जीतून मुरगावच्या बोटीत, बोटीतून जपानला,
आणि जपानात त्याच्या गाड्या होतात.
म्हणजे निळ्याच्या पोटात शिरगावचा डोंगर असणारच.
शाळेतला लोहचुंबक चोरून आणला,
घोड्याच्या नालाएवढा.
निळ्यावर ठेवला. घसरला.
तांबड्यावर ठेवला. घसरला.
कसलातरी भलताच धातू.
माझ्यावर लावून बघायचं कुणाला सुचलंही नाही,
प्लास्टिकच तो.

पुढच्या पावसाळ्यात त्याचा डावा गुडघा तुटला.
बार्जी सारमानसच्या धक्क्याला बांधून पडलेल्या,
बाबा घरी, हात रिकामे.
त्यांनी बार्जीच्या फळीतला एक खिळा आणला,
दोन संध्याकाळी कानशीने घासला,
आणि ज्या हातांनी सुकाणू फिरवायचे त्याच हातांनी
तो इवल्या सांध्यात बसवला.
"उभा राहणार नाही," म्हणाले, "पण पडणारही नाही."

आता खाणी बंद आहेत. उल्हासचा पत्ता नाही.
रुमाल्द स्विंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर,
गोदामात रात्रपाळी करतो.
दर नाताळात काहीतरी पाठवतो.

गेल्या रविवारी पणजीहून एकजण आला,
आश्लेष केणी, तिशीतला, हातात सुती मोजे.
निळ्यांचे फोटो दाखवले, तांबड्यांचे,
पांढरा एक, मेक्सिकोतला, फक्त दोन चाकं रबरी.
"हे सगळे मिळतात हो. पैसे टाकले की मिळतात.
पण हिरवा! गुडघ्यावरचा!
आख्ख्या गोव्यात मी दोनच पाहिलेत."
भिंग लावून पोटाखालचा घासलेला चौकोन
इतक्या प्रेमाने कुणी पाहील
असं मला कधी वाटलं नव्हतं.
मग भिंग खाली सरकलं, थांबलं.
"हा खिळा मूळचा नाही.
काढला तर किंमत दुप्पट होईल, काका. काढू?"

मी फ्रीजवरचा चुंबक काढून आणला,
रुमाल्दनेच पाठवलेली लाल दुमजली बस.
टपावर धरली, दारावर धरली. काही नाही.
गुडघ्याजवळ नेली मात्र,
टक्.

केणीने वहीत लिहिलं : दुरुस्त केलेला.
बस चिकटूनच राहिली, जरा तिरकी.
मी चहा ठेवायला आत गेलो.