शेपटीपाशी

जुहूच्या हँगरात सकाळी सातला
पत्रा अजून गार असतो.
गुडघ्याखाली गोणपाट घेऊन मी मागे बसते,
म्हशीची धार काढायला बसावं तशी.
पंखा, काच, नाकावरचं नाव,
ते फोटो काढणाऱ्यांचं.
माझी बाजू ही.

आधी नुसतं बघ, कोलासो म्हणायचे,
हात खिशात ठेवून बघ.
टॉर्च समोरून मारलीस तर पत्रा नुसता हसून दाखवेल.
आडवी धर.
आडव्या उजेडात ओरखडा उभा राहतो.
रिव्हेटच्या डोक्यामागे काजळीची रेघ दिसली
तर समज, तो हलतोय.
झोपेत दात खाणाऱ्या पोरासारखा
आतल्या आत झिजतोय.

माझा बाप होडी ओढून घेतली
की फळीफळीवर बोटाची पेरं वाजवत जायचा.
लाकूड बोलतं, म्हणायचा.
ॲल्युमिनियम बोलत नाही.
वाकतं, परत येतं, वाकतं, परत येतं
आणि कुणाला न सांगता हिशेब ठेवतं.
चार हजार दोनशे अकरा तास.
उतरताना दर वेळी एक धक्का,
शिकाऊ पोरांचे दोन, कधी तीन.
वर हा खारा वारा, रात्रंदिवस, फुकटचा.

आज झाकण काढून आरसा आत घातला,
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला.
पुढच्या स्पारवर, मधल्या भोकाच्या कडेला
एक केस.
माझाच पडला असेल.
अंगठ्याने पुसला.
गेला नाही.

कोपरापर्यंत हात घालून लाल रंग लावला.
आता दहा मिनिटं थांबायचं.

बाहेर नौशीन मुकादम, पांढरा शर्ट, घडी न मोडलेली.
आज ती पहिल्यांदा एकटी उडणार.
महाडहून तिची आई आलीय,
डबा मांडीवर, नजर वाऱ्याच्या मोज्यावर.
चार मिनिटं.
दाराची बिजागरी कुरकुरते.
सात.
घड्याळाकडे बघितलं की ते मुद्दाम हळू चालतं.

रंग पुसला. पांढरी भुकटी मारली.
पांढऱ्यात काही नाही.
काही नाही.
मग एक ठिपका,
आणि तांदळाच्या पिठातून लाल मुंगी निघावी
तशी चालत आली रेघ.
पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.

ढगांवर आळ घ्यायला मी तयारच होते.
पण कारण पुस्तकात दिलेलं आहे, साध्या अक्षरांत:
जमिनीवर विमान वळवायचं तर
शेपटीवर तळहात ठेवून खाली दाबतात.
नाक उचललं जातं, विमान गर्रकन फिरतं.
सोपं पडतं. सगळेच करतात.
चौदा वर्षं मीही केलंय,
दुसऱ्या हातात चहा धरून.
आभाळाने त्याला जेवढं वाकवलं नसेल
तेवढं आम्ही इथे,
या तेलकट फरशीवर.

वहीत लिहिलं: उड्डाणास अयोग्य.
सही करताना पेन दोनदा अडलं.
नौशीनने विचारलं, म्हणजे मी पडले असते?
आज नाही, मी म्हटलं.
बहुतेक उद्याही नाही.
याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
ती शर्टाची बाही दुमडत राहिली,
मग उलगडत राहिली.

तिच्या आईने काही न विचारता डबा उघडला.
सांदणं. फणसाची.
घेताना दिसलं, नखाच्या कडेत लाल राहिलंय,
साबणाने निघत नाही ते,
दोन दिवस तरी राहतं.

तेवढ्यात पलीकडे दोन पोरं
दुसरं विमान बाहेर काढायला लागली.
एकाने बोलता बोलता
शेपटीवर तळहात ठेवला.

तोंडात सांदण तसंच धरून
मी ओरडले.